सेटलमेंट, रिक्रूटमेंट, कॉलनायझेशन: समुद्रतळासाठी मराठी शब्द

समुद्रफेस: अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावरच्या जीवांवर एक लेख मराठीत करते आहे. खडकावर किंवा मुद्दाम सोडलेल्या पाट्यांवर जीव येऊन राहतात, त्यासाठी मूळ इंग्रजी लेखात तीन शब्द आलेत: सेटलमेंट, रिक्रूटमेंट, कॉलनायझेशन. तिन्हींना 'वसाहत' चालेल का?

कालवंवाला: नाही चालणार. डिंभ, म्हणजे जीवाचं पिल्लू-रूप (लार्व्हा), पाण्याबरोबर वाहत येतो, जागा चाचपतो, चिकटतो आणि रूप पालटतो, ती सेटलमेंट. चिकटलेल्यांपैकी जे जगले-वाचले आणि मोजदादीत आले, ती रिक्रूटमेंट. मग सगळा पृष्ठभाग हळूहळू भरतो, ते तिसरं. पहिल्यासाठी सरळ 'बसणे' किंवा 'धरणे' घ्या. आमच्याकडे कालवं खडकाला धरतात, तसंच हे.

समुद्रफेस: 'धरणे' आवडलं. पण पहिल्या दोहोंत एवढा फरक खरंच करायला हवा का?

कालवंवाला: आपल्या किनाऱ्यावर पाटी सोडली तर काही आठवड्यांत ती भरून जाते, त्यामुळे बसणं आणि टिकणं एकाच दमात उरकल्यासारखं वाटतं. तिकडे पाणी −१.९ अंशांच्या आसपास. काही जातींचे डिंभ महिनोन्‌महिने पाण्यातच असतात आणि बसल्यावरही वाढ अतिशय संथ. त्यामुळे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढून बघता येतात.

उत्तम उदाहरण अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या समुद्रभागाचं. समुद्रजीवांचे अभ्यासक पॉल डेटन यांनी १९६०च्या दशकापासून तिथे काम केलं. पहिल्या दहाएक वर्षांत कृत्रिम पृष्ठभागांवर स्पंज जवळपास आलेच नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा त्याच पृष्ठभागांवर मोठाले स्पंज उभे होते! म्हणजे ही भर दरवर्षी थोडीथोडी पडत नाही, कधीतरी एकदम पडते. दहा वर्षांची नोंद बघून 'इथे काही होत नाही' म्हणणारा फसलाच असता.

टाचणवही: रिक्रूटमेंटला 'भरती' म्हणतात ना?

कालवंवाला: सैन्यात म्हणा. समुद्राच्या लेखात 'मॅकमर्डोत दहा वर्षं भरती झाली नाही' असं छापलं तर वाचक चंद्राची चौकशी करेल.

टाचणवही: 😄 मग तुम्हीच वर वापरलेला 'भर' घ्या की. 'स्पंजांची नवी भर पडली.' लहान आहे, गोंधळ नाही. 'नवभरण' वगैरे संस्कृत कारखान्यातले शब्द नकोत.

अनुस्वार: कॉलनायझेशनला 'वसाहत' नकोच, कारण तो शब्द आधीच अडकलेला आहे. ब्रायोझोआचे चिमुकले जीव एकमेकांना जोडून राहतात, त्या समूहालाच वसाहत म्हणतात. मग 'वसाहतींनी पाटीवर वसाहत केली' अशी वाक्यं होणार. 'व्यापणे' घ्या.

अंटार्क्टिकातल्या रोथेरा या ब्रिटिश संशोधन केंद्राजवळचा प्रयोग बघा, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पाट्या विजेने तापवून त्यांच्यावरच्या पाण्याचा पातळ थर भोवतालपेक्षा १ किंवा २ अंशांनी उबदार ठेवला. एका अंशाच्या फरकाने 'फेनेस्ट्रुलिना रुग्युला' नावाचा ब्रायोझोआ जवळपास दुप्पट वेगाने वाढला आणि दोन महिन्यांत पाट्यांवर त्याचंच राज्य झालं. बाकीच्यांना जागा उरली नाही. इथे 'व्यापली' हेच क्रियापद हवं. 'वसाहत केली' यात ही रेटारेटी दिसत नाही.

समुद्रफेस: पटलं. आता 'अँकर आइस'? मी 'नांगर-बर्फ' लिहिलंय.

कालवंवाला: नांगर म्हटलं की काहीतरी जखडून ठेवणारं वाटतं, आणि हा बर्फ तर उलटं करतो. उथळ तळावर, साधारण ३० मीटर खोलीपर्यंत, तो खडकांवर आणि जीवांवर जमतो. पुरेसा जमला की सुटून वर तरंगतो आणि चिकटलेले जीव मुळासकट उचलून नेतो. म्हणून मॅकमर्डोत वरचे १५ मीटर जवळजवळ उघडे, त्याखाली समुद्रफुलं वगैरे, आणि स्पंजांचं दाट रान ३० मीटरच्या खालीच. 'तळबर्फ' लिहा.

टाचणवही: एक राहिलं. 'फाउलिंग' कुठे आलं असेल तर सांभाळा. ते जहाजवाल्यांचं गाऱ्हाणं आहे: बुडाला जीव चिकटतात, बूड खरबरीत होतं, इंधन जास्त लागतं. १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बुडालेलं, ध्रुवीय प्रवासी शॅकल्टन यांचं 'एन्ड्युरन्स' जहाज २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडलं. त्याच्यावर समुद्रफुलं आणि स्पंज दिसतात. आता त्या जहाजाला कुठे जायचंय? तिथे 'जीव धरलेत' एवढंच पुरे.

समुद्रफेस: एन्ड्युरन्स लेखात आहेच! लाकूड इतकं शाबूत कसं, हेही विचारलंय संपादकांनी.

टाचणवही: लाकूड पोखरणारे जहाजकिडे त्या पाण्यात नाहीत. अंटार्क्टिकावर झाडंच नाहीत, त्यांनी खायचं काय? फक्त 'किडे' या शब्दाखाली टीप द्या. ते शिंपल्याच्या गोतातले आहेत.