मदत हवी आहे: पान्निनीच्या ‘प्राचीन रोम’ची हातानं रंगवलेली प्रत

नमस्कार मंडळी,

जोव्हान्नी पाओलो पान्निनी (१६९१–१७६५) या इटालियन चित्रकाराच्या ‘प्राचीन रोम’ या तैलचित्राची प्रत करून घ्यायची आहे. छापील नको, हातानं रंगवलेलीच हवी. इथे तैलरंगात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

चित्र न पाहिलेल्यांसाठी: एक उंच कमानींचं दालन आहे आणि त्याच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या आहेत. प्रत्येक चित्रात रोममधली एकेक प्राचीन वास्तू. पँथिऑन हे मोठ्या घुमटाचं देऊळ, कोलोसियम हे प्रचंड प्रेक्षागार, कॉन्स्टंटाइनची कमान, ट्रेजनचा स्तंभ, सगळं एका छताखाली. खाली लाओकोऑन, फार्नेसे हर्क्युलिस अशी नावाजलेली शिल्पं मांडलेली. असं दालन प्रत्यक्षात कधीच नव्हतं, पण त्यातली प्रत्येक वास्तू खरी आहे. रोममधल्या फ्रेंच राजदूतासाठी पान्निनीनं हे आणि ‘आधुनिक रोम’ अशी जोडी रंगवली, आणि पुढे स्वतःच पुन्हा रंगवूनही दिली. १७५७ची एक जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, नंतरची एक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात.

बाबांनी आयुष्यभर सिव्हिलच्या मुलांना शिकवलं. कमान आणि घुमट शिकवताना त्यांचं पहिलं उदाहरण रोमचंच असायचं. आता प्रवास झेपत नाही. त्यांच्या खोलीत हे चित्र असावं असं मला फार वाटतं.

अडचण आकाराची आहे. मेट्रोपॉलिटनमधलं मूळ चित्र साधारण १७२ × २३० सेंटीमीटर आहे. आमच्या भिंतीवर चार फूट रुंदीच्या वर काही बसणार नाही. म्हणजे सगळं निम्म्यावर येणार. मग चित्रांतली ती छोटी चित्रं नीट रंगवता येतील का, की नुसते तपकिरी ठिपके दिसतील?

दोन ठिकाणी चौकशी केली आहे. चीनमधल्या शेन्झेन शहरातल्या दाफेनला अशा प्रती करणारी चित्रशाळांची अख्खी वस्ती आहे; तिथल्या एका चित्रशाळेचा भाव परवडणारा आहे आणि काम लवकर होईल. इकडे ओळखीतून एक चित्रकार मिळाले आहेत. ते जवळजवळ तिप्पट पैसे सांगतात आणि घाई करायची नाही असं आधीच बजावतात. काम चांगलं आहे की नाही हे मी कशावरून ओळखू? कॅनव्हास कुठला घ्यावा? आणि आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिचं काय करायचं?

प्रतिसाद: तैलरंग

ताई, आकाराची शंका अगदी योग्य आहे. चार फुटांत पूर्ण चित्र होतं, पण आतल्या कित्येक चौकटी तळहाताएवढ्याच उरतील. त्यात कोलोसियमच्या कमानी बारीक ब्रशनं एकेक काढणारा माणूस हवा, आणि तिथेच वेळ जातो. घाई नको म्हणणाऱ्या चित्रकारांवर माझा त्यामुळेच जास्त विश्वास बसतो.

दुसरी वाट सुचवतो. पूर्ण चित्राऐवजी त्यातला एक भाग मोठा करून घ्या, किंवा पान्निनीचंच ‘पँथिऑनचा अंतर्भाग’ घ्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत ते आहे, १७३४च्या सुमाराचं, १२८ × ९९ सेंटीमीटर. तुमच्या भिंतीवर जवळपास मूळ मापात बसेल. वरच्या छिद्रातून येणारा उजेड आणि घुमटातले खोलगट चौकोन बघून तुमच्या बाबांना वर्गच आठवेल.

काम कुणालाही द्या, आधी एका कोपऱ्याचा वीतभर नमुना तैलरंगात करून मागा. स्क्रीनवरचं प्रीव्ह्यू दाखवलं तर त्यावर काही ठरवू नका. पैसे टप्प्यांनी द्या: रेखाटन झाल्यावर, रंगाचा पहिला थर झाल्यावर, शेवटी उरलेले. रेखाटनाचा फोटो आला की मोजपट्टी घेऊन बसा. पान्निनी रोमच्या फ्रेंच अकादमीत पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याचं तंत्र, शिकवायचा. त्याच्या चित्रात खांबांच्या रेषा हुकल्या तर वरचा रंग कितीही सुंदर असो, दालन उभंच राहत नाही.

आणखी एक फसवणूक चालते. कॅनव्हासवर छापतात आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. भिंग लावलंत तर छपाईचे ठिपके दिसतील, आणि फटकाऱ्यांची दिशा खालच्या आकाराशी जुळणार नाही.

प्रतिसाद: भटक्या_खडू

वरच्या प्रतिसादाला जोड. मेट्रोपॉलिटननं २०१७पासून स्वामित्वहक्क नसलेल्या चित्रांचे मोठे फोटो सर्वांना मोफत वापरायला दिले आहेत. तो फोटो स्वतः उतरवून चित्रकाराला द्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या फोटोंत रंग पार पिवळे नाहीतर निळे झालेले असतात.

आणि चित्रकाराला एक गोष्ट बजावून सांगा: आजच्या रोमचे फोटो बघून काहीही ‘दुरुस्त’ करायचं नाही. अठराव्या शतकात फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, गुरं चरायची आणि तिथली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान बरीचशी मातीत गाडलेली होती. मोठं उत्खनन एकोणिसाव्या शतकातलं. त्या काळच्या चित्रांत खांब बुटके दिसतात ते यामुळे. पँथिऑनचंही तसंच. घुमटाखालचा भिंतीचा पट्टा १७५०च्या आसपास बदलला गेला, आणि १७३४च्या चित्रात जुना पट्टा दिसतो. हा पुरावा प्रतीत पुसला गेला तर फार वाईट वाटेल.

प्रतिसाद: तैलरंग

हे छान सांगितलंत. ओलीचं राहिलं होतं. लिननचा कॅनव्हास घ्या, सुतीपेक्षा महाग पडतो पण ताण चांगला धरतो. चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असू द्या, म्हणजे कॅनव्हास सैल पडल्यावर ठोकून ताणता येतो. मागे पातळ बोर्ड लावा, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळेल. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर मुळीच ठेवू नका, बुरशी त्यातच धरते. शेवटचं व्हार्निश रंग पूर्ण वाळल्यावर, सहा महिने ते वर्षभरानं. परदेशातून गुंडाळी मागवलीत तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळायला सांगा.

मागच्या बाजूला ‘पान्निनीवरून’ असं लिहून प्रत करणाऱ्याचं नाव आणि वर्ष घालून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना दोन्ही चित्रांचे फोटो दाखवले. ते पँथिऑनपाशी थांबले आणि घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर आहे, आत लोखंडाची सळई नाही, हे मला पुन्हा समजावून सांगितलं. तेव्हा पँथिऑनच करून घेते, इथल्याच चित्रकारांकडून. उद्या वीतभर नमुन्याचं बोलते. नमुना म्हणून छिद्राजवळचा उजेड मागू की खालच्या खांबांचा भाग?

प्रतिसाद: तैलरंग

खांबांचा. उजेड नंतरही सुधारता येतो.