मदत हवी आहे: मुलांना सुतारकाम शिकवतोय, पटाशी (लाकूड कोरायची धारदार छिन्नी) कधी द्यावी?

नमस्कार मंडळी,

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांना लाकडाच्या वस्तू करायला शिकवतो आहे. तयार किट मुद्दाम टाळले. त्यात भोके आधीच पाडलेली असतात आणि मुलांच्या वाट्याला नुसते स्क्रू पिळणे येते. त्यांनी स्वतः मोजावे, आखावे, कापावे, चुकले तर पुन्हा कापावे, अशी माझी फार इच्छा आहे.

साधने मोजकीच: बारीक दात्यांची छोटी करवत, हलकी हातोडी, हाताने फिरवायचे ड्रिल, काटकोन आखायचा गुण्या, लाकूड आवळून धरायला दोन क्लॅम्प. लाकूड पाइनचे, कारण ते मऊ. संरक्षक चष्म्याशिवाय कोणी हत्याराला हात लावत नाही.

खिळे ठोकणे दोघांनाही जमते. बोटे वाचावीत म्हणून खिळा पुठ्ठ्याच्या पट्टीत खोचून धरतो. फळीच्या कडेला ठोकायचा असेल तर त्याचे टोक आधी हातोडीने जरा बोथट करतो. टोकदार खिळा लाकडाचे तंतू फाकवतो आणि फळी चिरते. बोथट खिळा तंतू तोडत आत जातो. हे कळल्यापासून मुलगा प्रत्येक खिळ्याचे टोक तपासतो!

अडलंय ते करवतीपाशी. मुलगी डावखुरी आहे. करवत दोन-तीनदा मागे ओढून खाच छान पाडते, तर्जनी मुठीवर सरळ ठेवते, पण अर्ध्यावर पाते रेषा सोडून तिरके जाते. कापायचे टोक टेबलाच्या डाव्या कडेबाहेर येईल अशी फळी आवळल्यावर थोडा फरक पडला. उभे राहण्यात काही बदलावे का? डावखुऱ्यांनी जरूर सांगा.

शिवाय तिला आता दोन पट्ट्यांची अर्धी-अर्धी जाडी काढून त्या एकमेकींत बसवायच्या आहेत, म्हणजे पटाशी आलीच. मुलांना बोथट पटाशी द्या असे काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो आणि जोर लावतानाच ते निसटते. लाकूड क्लॅम्पमध्ये आणि दोन्ही हात धारेच्या मागे, एवढा नियम पाळला तर या वयात धारदार पटाशी द्यावी का? की करवतीने जवळजवळ काप घेऊन मधले लाकूड कानशीने काढू द्यावे?

आणि धाकट्याला पॉलिश पेपर घासण्याचा कंटाळा येतो, त्याला ताईचीच करवत हवी असते. त्याच्याजोगे, पण खरेखुरे काम काय देता येईल?