रेडिओवरचा आदेश आणि परतीची बंदी
१९४८ मध्ये इस्रायल स्थापन होताना लाखो पॅलेस्टिनी अरबांची घरं सुटली. 'अरब नेत्यांनी रेडिओवरून सांगितलं म्हणून लोक गेले' हा त्याबद्दलचा दावा पुन्हा पुन्हा केला जातो. आयरिश पत्रकार अर्स्किन चाइल्डर्स यांनी १९६१ साली, बीबीसीने १९४८ मध्ये तिथल्या रेडिओ प्रसारणांच्या ठेवलेल्या नोंदी तपासल्या, असा सरसकट आदेश त्यांत सापडला नाही. पण सगळ्यांना बंदुकीच्या धाकानेच हाकललं, हेही खरं नाही. हैफा शहरात एप्रिलमध्ये ज्यू महापौर शब्ताय लेवी थांबा म्हणत होते, तरी अरब प्रतिनिधींनी शहर सोडायचं ठरवलं. जुलैमध्ये लिद्दा (आजचं लोद) या गावात मात्र हकालपट्टीचा लेखी आदेश निघाला, इस्रायली लष्करी अधिकारी (पुढे पंतप्रधान) यित्झाक राबिन यांच्या सहीचा: 'वय न बघता' लोकांना घालवा. हजारो माणसं, लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, भर उन्हात पायी निघाली.

या चर्चेत राहून जाणारी गोष्ट परतीची. गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या इस्रायलच्या १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्याने घर का सोडलं हे विचारलंच नाही. हैफावाला असो वा लिद्दावाला, दोघांनाही परतीची बंदी, आणि दोघांचीही घरं-जमिनी सरकारी कस्टोडियनकडे, म्हणजे अशा मालमत्तेचा ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेली.