इंटरप्ट हँडलरमध्ये कोड कोंबणं बंद करा, सगळं थ्रेडमध्ये ढकला

दांडियाबाजारी
मत सरळ सांगतो, पटलं तर घ्या नाहीतर भांडा. लिनक्सचा नवीन ड्रायव्हर लिहिताना हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे डिव्हाइसच्या सिग्नलवर सीपीयू लगेच धावतो त्या हँडलर फंक्शनमध्ये, काम करायची सवय सोडा. डिव्हाइसने लाइन ओढली, इंटरप्ट कंट्रोलरने सीपीयूला टोचलं, सीपीयू हातातलं काम तिथल्या तिथे ठेवून तुमच्या हँडलरमध्ये आला, की तिथे फक्त एवढंच बघायचं की सिग्नल आपला आहे का, असला तर डिव्हाइसला गप्प करायचं, थ्रेड (उरलेलं काम सवडीने करणारा कर्नलचा वेगळा धागा) उठवायचा आणि निघायचं. २००९ सालच्या २.६.३० कर्नलपासून त्यासाठी रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू हे फंक्शन हाताशी आहे, तरी लोकांचा हात सुटत नाही.

परवा बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्याचा बोर्ड बघायला आला, नाव विचारू नका. एकाच कोअरचा छोटा एआरएम, त्याच्यावर आय-टू-सीचा (दोन तारांच्या संथ बसचा) प्रेशर सेन्सर आणि शेजारी ११५२०० च्या वेगाने मशीनशी बोलणारा सिरियल पोर्ट. तक्रार काय, तर सिरियलचे बाइट अधूनमधून गायब. आणि केबल बदलून झाली, अर्थिंग तपासून झालं, सप्लाय बदलला, सगळे हार्डवेअरवाल्याच्या नावाने ओरडतायत. दोष निघाला सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये! आय-टू-सीचं ट्रान्सफर मध्ये झोपू शकतं (थांबून वाट बघू शकतं), हार्ड इंटरप्टमध्ये झोपायला बंदी, तर लिहिणाऱ्या गृहस्थाने कर्नलची आय-टू-सी व्यवस्था बाजूला ठेवून हँडलरमध्येच स्वतः पिना वरखाली करून बाइट वाचले. १०० किलोहर्ट्झला एक बाइट अ‍ॅकसकट (पोचपावतीचा बिट धरून) ९० मायक्रोसेकंद. पत्ता, रजिस्टर, परत पत्ता, डेटाचे दोन बाइट, झाले ४५०. तेवढा वेळ त्या एकुलत्या एका कोअरवर बाकी सगळे इंटरप्ट बंद. सिरियलचा फिफो (आलेले बाइट साठवायचा बफर) १६ बाइटचा, इंटरप्ट लावलेला १४ भरल्यावर, उरली जागा २ ची आणि नवा बाइट येतो दर ८७ मायक्रोसेकंदाला. करा हिशोब. हेच काम थ्रेडमध्ये असतं तर सिरियलचा हँडलर मध्येच घुसून आपले बाइट उचलून घेऊन गेला असता, कुणाला पत्ताही लागला नसता.

काका_रेट्रोफिट
उदाहरण चांगलं आहे पण निष्कर्ष घाईचा आहे बाळा. हा त्या माणसाचा गाढवपणा, पद्धतीचा दोष नाही. थ्रेड उठवणं म्हणजे सीपीयू कुणाला कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या शेड्यूलरच्या दारात जाऊन उभं राहणं, आणि साध्या कर्नलवर तिथून कधी आत घेतील त्याची कुणी हमी देत नाही. मी जुन्या लेथ-मिलिंगला नवे कंट्रोलर बसवतो. टच प्रोब (स्पर्शाने माप घेणारी सुई) जॉबला टेकला की त्याच क्षणी अ‍ॅक्सिस कुठे होता ते हवं असतं. ६ मीटर प्रति मिनिट फीड म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर, थ्रेड ५० मायक्रोसेकंद उशिरा उठला तर ५ मायक्रॉन गेले. ५ मायक्रॉनसाठी माझं गिऱ्हाईक जॉब परत पाठवतं. असल्या कामाला हार्ड इंटरप्टच पाहिजे, थ्रेडबिड नंतर.

दांडियाबाजारी
काका, मी कुठे म्हटलं की टॉप हाफ, म्हणजे हार्ड इंटरप्टमधला भाग, रिकामा ठेवा? पोझिशनचं रजिस्टर तिथे वाचून ठेवा, ती एक ओळ आहे. भरपाई, फिल्टर, वर कळवणं हे थ्रेडमध्ये. सेव उसळच्या दुकानात गल्ल्यावरचा माणूस ऑर्डर लिहून चिठ्ठी आत सरकवतो, स्वतः उसळ ढवळायला जात नाही, गेला तर रस्त्यापर्यंत लाइन लागेल.

पोलिंगवाला_गोत्री
उसळ राहू द्या, तुम्ही दोघं चुकीच्या गोष्टीवर भांडताय. वेग वाढला की इंटरप्टच बाद. १० गिगाबिट इथरनेटला लहानात लहान पॅकेट येत राहिली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख, एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. प्रत्येकाला इंटरप्ट घेतलात तर सीपीयू नुसता आत-बाहेर करत बसेल, काम शून्य. मोगल आणि रामकृष्णन यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की पॅकेटचा मारा एका मर्यादेपलीकडे गेला की मशीन फक्त इंटरप्ट घेत राहतं आणि एकही पॅकेट पुढे जात नाही, रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात त्याला. म्हणून तर लिनक्समध्ये नापी आली, पहिल्या पॅकेटला इंटरप्ट, मग इंटरप्ट बंद करून एका फेरीत सहसा ६४ पर्यंत पॅकेट उचलायची, रांग रिकामी झाली की परत इंटरप्ट चालू. डीपीडीके ही पॅकेट लायब्ररी तर त्याच्याही पुढे, कोअर कायमचा पोलिंगला (काही आलं का ते सारखं बघत राहायला) बांधून टाकतात. आणि पोलिंगचा वागायचा अंदाज येतो हो, इंटरप्ट कुठल्या ओळीत येऊन टपकेल सांगता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राचा १९५९ चा प्रबंधच एक्स१ मशीनच्या इंटरप्टवर होता, पुन्हा न सापडणाऱ्या चुकांची धास्ती त्याने तेव्हापासून घेतलेली.

काका_रेट्रोफिट
कोअर कायमचा बांधायचा म्हणे. अहो मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बंद पॅनेल, आत फॅन नाही कारण कटिंग ऑइलची वाफ जाते, तिथे कोअर चोवीस तास १०० टक्के पळवून दाखवा. तुमचं डेटा सेंटर वेगळं, तिथे एसी आहे आणि विजेचं बिल दुसरा कुणी भरतो.

पोलिंगवाला_गोत्री
ते मान्य, पण एक कोअर जळतो म्हणून पद्धत वाईट ठरत नाही, जागा बघून वापरायची. तुमच्या एन्कोडरलाही (शाफ्ट किती फिरला ते पल्सने सांगणाऱ्या सेन्सरला) काय करता, प्रत्येक काठाला इंटरप्ट?

काका_रेट्रोफिट
अजिबात नाही, आणि हेच मला म्हणायचं होतं. १००० लाइनचा एन्कोडर, चौपट मोजणी म्हणजे फेऱ्याला ४०००, ३००० आरपीएमला सेकंदाला २ लाख काठ, ५ मायक्रोसेकंदाला एक. थ्रेड तर सोडाच, हार्ड इंटरप्टही तिथे मेला. ते काम चिपमधल्या काउंटरचं, एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या टायमरला एन्कोडर मोड असतो, हार्डवेअर मोजत राहतं आणि आपण हवं तेव्हा आकडा वाचतो. प्रोबसुद्धा त्याच टायमरच्या कॅप्चरला (सिग्नल येताच आकडा टिपणाऱ्या सोयीला) जोडला तर उत्तम, मग तुझी ती एक ओळसुद्धा नको. पोरं आधी ड्रायव्हर उघडतात, स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) कुणी उघडत नाही.

दांडियाबाजारी
म्हणजे शेवटी हार्ड इंटरप्टमध्ये तुमचंही काहीच उरलं नाही काका 😀

कलाभवन_थर्ड_इयर
दादा एक शंका, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी तुमच्यासारखंच केलं, पहिला हँडलर नल दिला आणि फक्त थ्रेड फंक्शन दिलं, तर कर्नलने रिक्वेस्टच नाकारली, वनशॉट फ्लॅग नाही म्हणून. फ्लॅग टाकल्यावर चाललं, पण का ते कळलं नाही.

दांडियाबाजारी
समजा तुझी लाइन लेव्हलवाली आहे, म्हणजे डिव्हाइस गप्प होईपर्यंत ती वरच राहते. पहिला हँडलर नल दिलास तर कर्नल स्वतःचा एक छोटा हँडलर लावतो, तो फक्त थ्रेड उठवतो, डिव्हाइसला हात लावत नाही. मग इंटरप्ट परत चालू झाला की लाइन अजून वरच, परत इंटरप्ट, परत परत, थ्रेडला पाळीच येत नाही. वनशॉट म्हणजे थ्रेड संपेपर्यंत ती लाइन झाकून ठेव. विसरलास तर बोर्ड लटकेल, म्हणून कर्नल आधीच नाही म्हणतो.

सुरसागरकाठी
आणि इथेच धागाकर्त्याचं "सगळं थ्रेडमध्ये" अडकतं. लाइन शेअर्ड असेल तर? एकाच लाइनवर दोन डिव्हाइस, एकाने वनशॉट घेतलं की त्याचा थ्रेड उरकेपर्यंत दुसऱ्याचाही सिग्नल झाकलेला. शिवाय कर्नल म्हणतो शेअर करणाऱ्या सगळ्यांनी वनशॉटवर एकमत करा, नाहीतर दुसऱ्याची रिक्वेस्ट फेल. दुसरा ड्रायव्हर भलत्याचाच असतो, त्याला कोण सांगायला जाणार. थ्रेडवाल्यांच्या उत्साहात हा मुद्दा कुणी काढत नाही.

दांडियाबाजारी
शेअर्ड लाइन हा जुन्या पीसीआय कार्डांचा संसार आहे. एमएसआयमध्ये (मेसेजने इंटरप्ट द्यायच्या नव्या पद्धतीत) लाइनच नसते, डिव्हाइस ठरलेल्या पत्त्यावर एक मेमरी राइट करतं आणि तोच इंटरप्ट. एमएसआय-एक्समध्ये एका डिव्हाइसला २०४८ पर्यंत वेगवेगळे मिळतात, शेअर कशाला करेल कुणी.

सुरसागरकाठी
मकरपुऱ्यात एमएसआय-एक्स? आपल्या बोर्डांवर आठ सेन्सर एका जीपीआयओ एक्सपांडरला (जास्तीच्या पिना देणाऱ्या चिपला) आणि एक्सपांडरची एकच पिन सीपीयूला. तो शेअर्डच झाला की.

दांडियाबाजारी
आणि तो एक्सपांडर आय-टू-सीवर असतो, म्हणजे कुणी ओढलं हे वाचायलाच झोपावं लागतं, म्हणजे थ्रेड सक्तीचा. हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात.

सुरसागरकाठी
एक्सपांडरपुरतं देतो. पण तुम्ही वर किती सहज लिहून गेलात, डिव्हाइसला गप्प करायचं आणि निघायचं. जुन्या पीसीआय कार्डावर गप्प करायला रजिस्टरमध्ये राइट करता ना, तो राइट पोस्टेड असतो, मध्ये कुठल्या ब्रिजच्या बफरमध्ये पडून राहतो. हँडलर संपला, सीपीयूने लाइन परत उघडली, राइट अजून रस्त्यातच, लाइन वर, परत इंटरप्ट. तोवर राइट पोचलेला असतो, हँडलर स्टेटस बघतो तर काहीच नाही, म्हणतो माझा नाही. लॉगमध्ये भुताटकी. उपाय एकच, राइटनंतर त्याच डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचायचं, वाचन पूर्ण व्हायचं तर आधीचा राइट पोचलाच पाहिजे. ती एक ओळ कुणीतरी "फालतू रीड" म्हणून काढून टाकतो आणि दोन दिवस सगळ्यांच्या झोपा जातात. अशा ठिकाणी तुमचा थ्रेड काय करणार?

अलकापुरी_विंडोज
विंडोजवाल्यांनाही दोन शब्द बोलू द्या. आमच्याकडे हे भांडण कधीच मिटलंय. आयएसआर (इंटरप्टचा हँडलर) छोटा, उरलेलं डीपीसीमध्ये (त्याने मागे ठेवलेल्या कामात). मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे की आयएसआर २५ मायक्रोसेकंदांच्या वर नको आणि डीपीसी १०० च्या वर नको. फार वेळ रेंगाळलात तर डीपीसी वॉचडॉग व्हायलेशनची निळी स्क्रीन, आणि ती गिऱ्हाइकासमोर येते. पण डीपीसी म्हणजे थ्रेड नव्हे हे लक्षात घ्या, तिथेही झोपता येत नाही. म्हणजे टोकाला न जाता मधला मार्ग घेतलाय.

कलाभवन_थर्ड_इयर
हे लिनक्सच्या सॉफ्टआयआरक्यूसारखं (हँडलरनंतर लगेच चालणाऱ्या, झोपू न शकणाऱ्या कामासारखं) वाटतंय?

अलकापुरी_विंडोज
बरंचसं.

दांडियाबाजारी
मधला मार्ग म्हणूनच तर ऑडिओवाले विंडोजवर डीपीसी लेटन्सी मोजत बसतात, एखाद्या वायफायच्या ड्रायव्हरचा डीपीसी लांबला की गाणं टकटक करतं, आणि त्याला मागे ढकलायची सोय नाही कारण त्याला प्रायॉरिटी अशी थ्रेडसारखी नसतेच. थ्रेडचा खरा फायदा तोच आहे राव, झोपता येणं हा वरचा बोनस. कुठला इंटरप्ट महत्त्वाचा आणि कुठला थांबू शकतो हे मी ठरवतो, वायफायवाला नाही ठरवत. प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल-टाइम करणारा बदल) नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.१२ कर्नलमध्ये मुख्य झाडात आला, वीस वर्षं बाहेर पॅच म्हणून हिंडत होता, त्यात बहुतेक सगळे हँडलर जबरदस्तीने थ्रेड होतात. कर्नलवाल्यांनीच बाजू निवडलीय.

काका_रेट्रोफिट
बाजू निवडली ती आरटीसाठी, आणि ते पण चालू केलं तर. आणि आरटी लावून लोक काय करतात ते मी बघितलंय. सगळे इंटरप्ट थ्रेड येतात फिफो (इथे रिअल-टाइम शेड्यूलिंगचा प्रकार, आकडा मोठा तो वरचढ) ५० प्रायॉरिटीला, सगळे म्हणजे सगळे, इथरनेटही ५० आणि मोशन कार्डही ५०. त्यात आपला मोशनचा प्रोग्रॅम कुणीतरी ४० वर ठेवतो कारण कुठल्या तरी ट्युटोरियलमध्ये ४० होतं. मग ऑफिसमधून कुणी मोठी फाइल ओढली की नेटवर्कचा थ्रेड मोशनच्या डोक्यावर बसतो आणि अ‍ॅक्सिस हिसका देतो. सीएचआरटी नावाची कमांड आहे, एक-एक थ्रेड हाताने वरखाली लावायचा असतो, ते कोण करतो? "मी ठरवतो" म्हणतोस ना, बहुतेक ठिकाणी कुणीच ठरवत नाही.

आणि आता तुझ्या त्या बोर्डाकडे येतो, सकाळपासून तेच डोक्यात आहे. १६५५०ए या सिरियल पोर्टच्या चिपला लिनक्स मुळात ट्रिगर (किती बाइट भरल्यावर इंटरप्ट द्यायचा तो आकडा) ८ वर ठेवतो, १४ वर नाही. म्हणजे इंटरप्ट कमी व्हावेत म्हणून कुणीतरी तो मुद्दाम १४ केलाय. परत ८ कर. ८ बाइटची जागा म्हणजे जवळजवळ ७०० मायक्रोसेकंद, तुझे ४५० आरामात बसले. आरएक्स_ट्रिग_बाइट्स या सेटिंगमध्ये एक आकडा लिहायचा, थ्रेड नको, नवा ड्रायव्हर नको, कारखान्याचं काम दहा मिनिटांत.

दांडियाबाजारी
आज बसले. त्यांच्याकडे दुसरा प्रेशर सेन्सर यायचाच आहे, तोच ड्रायव्हर, दोघांचे सिग्नल लागोपाठ आले तर ९००. मग काय ट्रिगर ४ करणार? तिथे १२ बाइटची जागा मिळते, म्हणजे १०४० च्या आसपास, ते पण काठावर. तिसऱ्या सेन्सरला १ वर आणणार. असं मागे मागे सरकत किती जायचं काका.

काका_रेट्रोफिट
तिसरा सेन्सर आला की थ्रेड कर, मी नाही म्हणणार नाही. पण आज कारखाना बंद ठेवून ड्रायव्हर परत लिहीत बसलास तर मालक विचारेल की १४ चे ८ करून चाललं असतं ते का नाही केलं.

दांडियाबाजारी
८ आजच करतो, ड्रायव्हर रविवारी बदलतो. पण सिरियलचे ओव्हररन (फिफो भरून बाइट गेले ते प्रसंग) मोजून आकडे इथेच टाकणार, दोन्हींचे.

काका_रेट्रोफिट
टाक. सरासरी नको, सगळ्यात वाईट आकडा टाक. आणि मोजताना इथरनेटवरून मोठी फाइल चालू ठेव.