रविवारी भाऊचा धक्का, आजीसोबत

ताई: काल आजीला डॉक्टरांकडून घरी आणताना आम्ही फ्रीवेने आलो. माझगावच्या वर आल्यावर ती काचेला नाक लावून बसली आणि विचारायला लागली, "धक्को खंय?" वरून नीट दिसेना. घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री जेवताना म्हणाली, "माका एकदा थंय नेवा." गेल्या चाळीस वर्षांत तिने असं काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. या रविवारी जाऊ या?

दादा: आजीला समुद्रच दाखवायचा तर गेटवेला नेऊ. बसायला जागा आहे, मोकळं आहे. धक्क्यावर मासळीचे ट्रक, पाणी, निसरडं. 86 वर्षांच्या माणसाला तिथे कुठे फिरवणार?

ताई: तिला समुद्र नाही बघायचा, धक्का बघायचा आहे. गेटवेशी तिचा काय संबंध? ती मुंबईत पहिलं पाऊल ठेवते झाली ते भाऊच्या धक्क्यावर.

आत्या: रविवारी तुळशीचं लग्न आहे हे लक्षात आहे ना सगळ्यांच्या? संध्याकाळी सहाला मला सगळे घरी हवेत. ऊस, चिंचा, आवळे आणून ठेवलेत.

मोठे काका: आईला न्यायचंच. माझं मत पक्कं आहे. तुम्हा मुलांना धक्का म्हणजे पापलेट-सुरमईचा बाजार. आमच्यासाठी ते कोकणचं दार होतं. मे महिन्याच्या सुट्टीत देवगडला जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून वळकट्या बांधलेल्या असायच्या. मी 'कोकण सेवक'ने गेलोय. डेकवर चादर अंथरून जागा धरायची. बोट सुटली की अर्ध्या तासात कोणाला तरी बोट लागायची, मग लिंबू आणि आवळासुपारी पुढे सरकायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मग आपलं देवगड. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, खोल पाण्यात उभी राहायची. पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे, आणि हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात उडी मारायची. बायका, म्हातारे, कोंबड्या, ट्रंका, सगळं तसंच खाली. पडावाचा तांडेल, म्हणजे मुख्य नाखवा, ओरडायचा "आता!" आणि त्याच क्षणी पाय उचलायचा. मला तो "आता!" अजून ऐकू येतो.

परत येताना मात्र मुंबईत धक्का. पायाखाली दगड. तो फरक पडावात उडी मारलेल्यालाच कळेल.

मी: काका, हा "भाऊ" कोण ते मी शोधून ठेवलं होतं. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, पाठारे प्रभू. लोक त्यांना भाऊ रसूल म्हणायचे. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. त्या काळी गलबतातून आलेल्या माणसांना गुडघाभर चिखल तुडवत वर यावं लागे. ते बघून त्यांनी 1840 च्या आसपास भराव घालून धक्का बांधला. सरकारी गव्हर्नरांची नावं बंदरांना दिली गेली, कर्नाक बंदर, क्लेअर बंदर वगैरे, पण लोकांच्या तोंडी भाऊच राहिले.

मूळ धक्का आत्ताच्या जागी नव्हता, कर्नाक बंदराकडे होता. पुढे गोद्या बांधल्या गेल्या, प्रिन्सेस डॉक 1880 साली, व्हिक्टोरिया डॉक 1888 साली, आणि किनाऱ्याची सगळी रेषाच बदलली. उतारूंच्या बोटी माझगावकडे आल्या आणि नावही उतारूंबरोबर इकडे आलं. पाटीवर 'फेरी व्हार्फ' असं लिहिलं तरी टॅक्सीवाल्याला भाऊचा धक्काच सांगावं लागतं. मला हे फार आवडतं.

दादा: हे मला माहीत नव्हतं. बरं, जाऊ. पण नुसतं धक्क्यावर उभं राहून परत यायचं, की बोटीत बसायचं?

मोठे काका: बसायचं. पलीकडे अलिबागच्या बाजूला रेवसला जाणारी लाँच. रविवारी द्वादशी. भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट, बाराचे नऊ. सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण भरती. त्या वेळी लाँच पायऱ्यांच्या बरोबरीला येते, आईला उचलून ठेवावं लागणार नाही. ओहोटीला गेलो तर चार-पाच शेवाळलेल्या पायऱ्या खाली उतरावं लागेल, ते नको. आठपर्यंत मासळीच्या लिलावाची मुख्य गर्दीही ओसरलेली असते.

मी: आणि येताना मांडव्याहून रो-रो. ती थेट धक्क्यालाच येते. रेवसहून मांडव्याला गाडी करू. रो-रोत गाड्या चढतात, त्यामुळे व्हीलचेअरचा प्रश्न नाही, आणि परतताना तीनच्या सुमाराची ओहोटी असली तरी अडत नाही. सहाच्या आत घरी.

आत्या: मग चालेल.

धाकटी काकू: मी मांडव्याला थेट येते, रस्त्याने. आता अटल सेतूवरून लवकर येता येतं. लाँचने मला नको.

दादा: काकू, बोट लागते का? गोळी घ्या ना आधी.

धाकटी काकू: बोट लागत नाही रे. अलिबागकडची आहे मी, लहानपण पाण्यातच गेलं. पण आमच्या घरात भाऊच्या धक्क्याहून रेवसची बोट घेत नाहीत. कधी सांगितलं नव्हतं मी इथे.

17 जुलै 1947. गटारी अमावस्या. 'रामदास' बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्याहून रेवसला सुटली. सणाला घरी निघालेली माणसं, बोट खचाखच भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळात कलली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. बोटीवर वायरलेस नव्हती, त्यामुळे तासन्‌तास मुंबईला कळलंच नाही. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ त्या बोटीत होते. गिरणीत होते, बावीस वर्षांचे. त्यांचं काही मिळालं नाही.

आजोबा एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी सांगायचे. रेवसकडचे कोळी मासळी भरून मुंबईला निघाले होते. त्यांनी ती मासळी समुद्रात टाकून दिली आणि बुडणाऱ्या माणसांना होड्यांत घेतलं. पावसाळ्यातली मासळी, म्हणजे घरातलं महिन्याचं धान्य. ती त्यांनी फेकली. वाचली ती माणसं त्यांच्यामुळे वाचली.

ताई: काकू.

मोठे काका: इतकी वर्षं तू आमच्या घरात आहेस आणि हे मला आज कळतंय. वाईट वाटलं. तू रस्त्याने ये, काही हरकत नाही.

दादा: मी काकूंबरोबर गाडीने येतो. त्यांना एकटीला नको.

ताई: आत्ता आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सांगायला लागली, मी तसंच टाइप करतेय.

लग्नानंतर ती पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. देवगडला पडावातून बोटीवर चढताना एक चप्पल पाण्यात पडली. दुसरी तिने हातात धरून ठेवली, का ते तिला सांगता येत नाही. रात्रभर डेकवर बसून होती. पहाटे दिवे दिसायला लागले, "आभाळ खाली इला असा वाटला." धक्क्यावर आजोबा न्यायला आले होते, गिरणीतली पाळी बदलून. गर्दीत ते तिला ओळखू येईनात, कारण लग्नात तिने त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. तेच पुढे आले, तिच्या डोक्यावरची तांदळाची गोणी उतरवून घेतली आणि पायांकडे बघितलं. घरी जायच्या आधी दोन आण्याच्या चपला घ्यायला थांबले. त्यांच्याशी तिचं पहिलं बोलणं झालं ते चपलेच्या मापाबद्दल.

तिला ती जागा बघायची आहे.

मी: 🙏

आत्या: माझ्या आईने मला हे कधी सांगितलं नाही. मीही येते. तुळशीची तयारी शनिवारी रात्रीच उरकून ठेवते.

मोठे काका: साडेसातला सगळे धक्क्याच्या फाटकाशी. लोकलने येणाऱ्यांनी डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सी करा. आईसाठी घडीची खुर्ची माझ्या गाडीत आहे. पायात रबरी तळव्याचं काहीतरी घाला. शेजारी माझगाव डॉक आहे, तिकडे कॅमेरे रोखू नका.

धाकटी काकू: ऐका, मी लाँचनेच येते. सासूबाई 86 व्या वर्षी जातायत. मी त्यांच्याशेजारी बसते.

ताई: आजी म्हणते, काशाच्या खडकापाशी लाँच आली की तिला सांगा. नारळ ती स्वतः सोडणार आहे, काकूंच्या हाताला हात लावून.

दादा: दादरहून नारळ मी आणतो. शेंडी ठेवूनच आणतो.