नवं मेडिकल कॉलेज नको, ड्रॉप घ्या म्हणे!

तलावपाळी

सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी भलीमोठी पोस्ट टाकली. सारांश असा: अंबरनाथ, अलिबाग, जालना, हिंगोली ही नवी सरकारी मेडिकल कॉलेजं म्हणजे नुसत्या पाट्या. नंबर लागला तरी घेऊ नका, वर्षभर ड्रॉप घ्या, ऐपत असेल तर नवी मुंबईत डीम्डला, म्हणजे खाजगी विद्यापीठाच्या कॉलेजला, पैसे भरा. वर तुरा असा की मुळात नीटच्या मार्कांवर डॉक्टर निवडणंच चूक, अमेरिकेत त्यांच्या भाचीची झाली तशी मुलाखत हवी. खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो असतो तर विषय पार्किंगवर गेला असता, म्हणून इथे.

काका, ड्रॉप घ्या म्हणायला तुमचं काय जातं? 2024 ला 720 पैकी 720 वाले आधी 67 निघाले, निकाल सुधारल्यावर 17 उरले. 2025 ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्याला 686. असल्या परीक्षेत हातातली सीट सोडून पुन्हा उतरायचं, कशासाठी, तर इमारतीला अजून रंग लागला नाही म्हणून?

आणि नवं म्हणजे वाईट हा कुठला हिशोब? जुहूचं कूपर 2015 ला मेडिकल कॉलेज झालं. आज नातवाचा तिथे नंबर लागला तर हेच काका पेढे वाटतील. आपलं कळव्याचं 1992 चं. तेव्हाही कुणीतरी नाकं मुरडली असतीलच. फीचं बघा: सरकारीत ओपनला वर्षाला दीड लाखाच्या आसपास, डीम्डला पंचवीस लाखांच्या घरात. साडेचार वर्षांचा गुणाकार काकांनीच करावा. कॉलेज ओपीडीच्या रांगेने मोठं होतं, आणि जिल्हा रुग्णालयात रांगेचा तोटा नाही.

जुनारजिस्ट्रार

रांग बघून डॉक्टर होता आलं असतं तर केसपेपर खिडकीवरचा क्लार्क एव्हाना डीन झाला असता.

तलावपाळी, तुम्ही फी आणि कटऑफ बघता, मी आतून बघितलंय. मी सरकारी कॉलेजात लेक्चरर असताना इन्स्पेक्शन आलं की डेप्युटेशनची ऑर्डर यायची. अमुक जण तमुक गावी. रातोरात बॅग भरायची. तिथे पोचलो की विभागाच्या दारावर आपल्या नावाची पाटी, रंग ओला. इन्स्पेक्टरसमोर बसायचं, सही करायची, पोहे खाऊन परत. तेवढे दिवस आमच्या विभागात शिकवायला कुणी नाही. म्हणजे एका मास्तरवर दोन कॉलेजं उभी. आता आधारची हजेरी आली, चेहराही दाखवावा लागतो, त्यामुळे हे प्रकार कमी झालेत, मान्य. पण मशीनसमोर चेहरा दाखवला म्हणजे वर्गात शिकवलं असं होत नाही.

100 जागांना 420 खाटा हा 2023 चा नियम. खाटा मांडता येतात हो. फॉरेन्सिकचा प्रोफेसर कुठून मांडणार? 2024 ला एका दमात दहा कॉलेजं काढली, 900 जागा. दहा अ‍ॅनॅटॉमी विभाग एका वर्षात उभे राहतात? वर पहिली बॅच फायनल पास होईपर्यंत परवानगीचं दरवर्षी रिन्युअल. काकांची भाषा चुकली असेल, भीती चुकलेली नाही.

ऐरोलीची_आई

माझी मुलगी अशाच एका कॉलेजात थर्ड इयरला आहे. गाव सांगत नाही, तिलाच त्रास व्हायचा.

पहिल्या वर्षी हॉस्टेल नव्हतं. नर्सिंगच्या क्वार्टर्समध्ये एका खोलीत चौघी, पाणी सकाळी तासभर. डिसेक्शनला एका बॉडीभोवती इतकी गर्दी की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसायच्या. घरी येऊन म्हणाली, आई, ब्रेकियल प्लेक्ससपेक्षा मला पुढच्या मुलाच्या एप्रनवरचा शाईचा डाग जास्त पाठ झालाय. सीनियर नाहीत म्हणजे जुन्या नोट्स नाहीत, व्हायव्हाला कोणते सर काय विचारतात हे सांगणारं कुणी नाही. रजिस्ट्रारसाहेब, इथपर्यंत तुमचं सगळं खरं.

आता पुढचं ऐका. तिथे पीजी, म्हणजे एमडी-एमएस शिकणारे डॉक्टर, नाहीत. तिची शाळेतली मैत्रीण मुंबईतल्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात आहे. तिथे पेशंटभोवती आधी रेसिडेंट, मग इंटर्न, त्यांच्या मागे ही टाचा उंच करून उभी. माझ्या मुलीचा हात धरून मेडिसिनचे सर पेशंटच्या पोटावर ठेवतात, श्वास घ्यायला सांगतात आणि विचारतात, लागली का स्प्लीन, म्हणजे प्लीहा? नाही लागली तर पुन्हा. हे काकांच्या पोस्टमध्ये कसं येणार?

घोडबंदरचा_बाबा

मध्येच घुसतोय, माफ करा. मुलाला अंबरनाथ किंवा अलिबाग लागण्याची शक्यता आहे. प्रेफरन्स फॉर्म उद्या लॉक होतोय. वर काय ठेवू? बाकी चर्चा चालू द्या.

कोपरीकर

धागालेखकाने काकांच्या दुसऱ्या मुद्द्याला सोयीस्कर बगल दिली. मुलाखत का नको?

आमच्या आईचा बायोप्सीचा रिपोर्ट एका तरुण डॉक्टरने कॉम्प्युटरकडे बघत सांगितला. "मॅलिग्नंट आहे, सोमवारी या." एवढंच. बाहेर आल्यावर आईने मला विचारलं, म्हणजे साधंच आहे ना रे? त्या मुलाला नीटला सहाशेच्या वर असणार, वादच नाही. पण त्याला समोर बसवून कुणी दहा मिनिटं बोललं असतं तर कळलं असतं की याला माणसांत ठेवू नका, लॅबमध्ये पाठवा.

आणि हे आपल्याकडे होत नाही असं नाही. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात, आजही नीटनंतर बोलावतात, इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मग मुलाखत. माझा भाचा जाऊन आला. त्याला बायॉलॉजीचं काही विचारलंच नाही, शेवटचं भांडण कुणाशी झालं आणि ते कसं मिटलं ते विचारलं. वेल्लोरचं सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, तेही मुलाखती घ्यायचं. नीटची सक्ती झाली तेव्हा 2017 ला त्यांनी निषेध म्हणून एमबीबीएसला एकच विद्यार्थी घेतला. शेवटी 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अल्पसंख्याक संस्था असलात तरी नीटच. गेली एक चांगली पद्धत.

बेलापूरपट्टी

मुलाखत हवी म्हणे! अहो, आम्ही दिलीय मुलाखत.

बारावीला मार्क चांगले होते, सरकारीत थोडक्यात हुकलं. एका संस्थेच्या कॉलेजात बोलावलं. टेबलामागे चौघे. पहिला प्रश्न, वडील काय करतात? मी म्हटलं, मिठागरावर मुकादम आहेत, बाहेर बाकावर बसलेत. दुसरा प्रश्न आलाच नाही. वडिलांना मात्र आत बोलावलं, आणि ते तोंड पाडून बाहेर आले. 1987 ला कॅपिटेशनविरोधी कायदा झाला तो काय उगाच? कायद्यानंतरही वर्षानुवर्षं काय चाललं ते पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी मुलगी नीटवर लागली. कुणी तिचं तोंड बघितलं नाही, आडनाव विचारलं नाही, उच्चार तपासले नाहीत. कोपरीकर, तुमच्या भाच्याला भांडण कसं मिटलं ते छान इंग्रजीत सांगता आलं. आमच्या गावठाणातल्या पोराला तेच येतं, आगरीत. ते ऐकायला टेबलामागे कोण बसणार आहे?

कोपरीकर

डोनेशनचा राग मुलाखतीवर काढू नका. नीट म्हणजे सोवळं नेसून बसलीय असं समजू नका. 2024 ला पेपर फुटला तेव्हा तपास लातूरपर्यंत गेला होता. आणि क्लासला लाखांनी फी भरणारे कोण असतात? मिठागरावरचे? तुम्ही एकदा नापास झालात म्हणून सगळ्या जगाने मुलाखत बंद करायची हा न्यूनगंड आहे.

बेलापूरपट्टी

नापास नाही. पैसे नव्हते. दोन्हींत फरक कळत नसेल तर तुमचीच एक मुलाखत घ्यायला हवी.

कळंबोली_व्हाया_नांदेड

लातूरचं नाव आलं म्हणून लिहितो. तुमची ठाण्या-मुंबईची मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात, आमच्या मेसचा डबा खातात, आणि पेपर फुटला की "लातूर". वा.

आणि 2020 पर्यंत 70:30 होतं ते विसरलात काय? विभागातल्या 70 टक्के जागा विभागातल्याच मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी, सगळा ढीग तुमच्याकडे. आमची पोरं जास्त मार्क घेऊन घरी बसायची. आता परभणी, धाराशिव, जालना, हिंगोलीला कॉलेजं निघाली तर ठाण्याच्या काकांना त्या पाट्या वाटतात. नका येऊ. आम्ही भरतो त्या जागा, आनंदाने.

अवांतर: कळंबोलीहून नांदेडला जायला सणासुदीला ट्रॅव्हल्सवाले काय भाडं घेतात यावर वेगळा धागा काढायला हवा.

सॅनहोजेची_मावशी

इकडच्या मुलाखतीबद्दल फार अर्धवट फिरतं म्हणून लिहितेय. इथे मुलाखत परीक्षेच्या जागी नसते, परीक्षेनंतर असते. आधी चार वर्षांची डिग्री, मग 528 मार्कांची एमकॅट, एक मोठा सामाईक अर्ज, मग प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध, त्यांचे वेगळे पैसे, आणि एवढं करून बोलावलं तर मुलाखत. भाचीच्या मामांनी खर्चाचा आकडा दिला नाही वाटतं.

बेलापूरपट्टींच्या भीतीवर एक उतारा आहे. एमएमआय, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखती. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात निघाला. दारावर एक प्रसंग चिकटवलेला असतो. उभ्या उभ्या वाचायचा, आत जाऊन काही मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढचं दार. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, त्यामुळे एकाच्या मर्जीवर काही अडत नाही. माझ्या मुलाला एका खोलीत रडणारी बाई भेटली. ती नटी होती, पण हा खरंच घाबरला. मात्र या प्रकाराचेही क्लास आहेत, महागडे. तेव्हा कोपरीकर, फार हुरळू नका.

आता नव्या कॉलेजांबद्दल, कारण धागा त्यावर होता असं अंधुक आठवतंय. पॅसाडिनाचं कायझर 2020 ला सुरू झालं, पहिल्या पाच बॅचना ट्यूशन माफ. बेंटनव्हिलचं अ‍ॅलिस वॉल्टन 2025 ला उघडलं, तिथेही पहिल्या पाच बॅचना तेच. नवं दुकान मांडलं की गिऱ्हाईक बोलवावंच लागतं. यांनाही पूर्ण मान्यता लगेच मिळत नाही, आधी प्राथमिक, मग तात्पुरती, मग पूर्ण. फरक कुठे आहे? अशा एका कॉलेजच्या मुलाखतीत शेवटी माझ्या मुलानेच त्यांना विचारलं: थर्ड इयरला आम्हाला कुठल्या हॉस्पिटलात पाठवणार, तिथे आमच्या आधी कोणती मुलं शिकतात, परवानगी अडकली तर आमचं काय? त्यांनी कागद काढून उत्तरं दिली. तुमच्याकडे मुलाखत नाही ठीक आहे, पण फॉर्म भरण्याआधी कुणी तिथे जाऊन हे विचारतं का?

तलावपाळी

ताई, आमच्याकडे गेटवरचा वॉचमन विचारतो, कुणाला भेटायचंय? त्याचं उत्तर जमलं तर पुढचं.

कोपरीकर, आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तो डॉक्टर असा का बोलला? सकाळपासूनचा शंभरावा पेशंट असेल तर मुलाखतीत पहिला आलेलाही तसाच बोलेल. डॉक्टर वाढवा, म्हणजे कॉलेजं वाढवा, म्हणजे माझाच मुद्दा.

कोपरीकर

म्हणजे आमच्या आईचा कॅन्सरही तुमच्या धाग्याच्या बाजूने. धन्य आहे.

संपादक

यापुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या मुलांचे मार्क काढू नका.

जुनारजिस्ट्रार

ऐरोलीच्या ताई, स्प्लीनचं तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. पीजी नसल्याचा फायदा असतो, मी नाही म्हणत नाही. फक्त तो असे सर तिथे टिकले तर. त्यांची बदली झाली की तुमच्या मुलीच्या धाकट्या बॅचला काय, तेही कळवा.

आणि सगळे भांडत बसलात, त्या घोडबंदरच्या माणसाचा फॉर्म लॉक होईल. अहो बाबा, मी या कॉलेजांच्या विरोधातला माणूस, तरी सांगतो: ड्रॉप घेऊ नका. अंबरनाथ 2024 चं, अलिबाग त्याच्या आधी सुरू झालंय, म्हणजे वर सीनियर आहेत, वॉर्ड रुळलेत. मी अलिबाग वर ठेवीन. जे लागेल ते घ्या, जॉइन व्हा, आणि स्टेटस रिटेन्शन, म्हणजे हीच सीट कायम ठेवायचा फॉर्म, भरू नका. पुढच्या फेरीत वर सरकलात तर सरकलात. आणि उद्या सकाळी आधी अ‍ॅनॅटॉमी विभागात जाऊन या. प्रोफेसर नको, हॉलचा अटेंडंट गाठा, चहा पाजा, बॉडी किती आणि शिकवायला कोण कोण येतं ते विचारा. तो खोटं बोलत नाही.

तलावपाळी

शेवटी घ्याच म्हणालात ना! हेच मी पहिल्या प्रतिसादात ऐकायला बसलो होतो.

पण मी अंबरनाथ वर ठेवीन. पोरगं घरचं जेवेल, आणि सकाळी ठाण्याहून अंबरनाथची गाडी उलट दिशेची, बसायला मिळतं.

जुनारजिस्ट्रार

घ्या म्हणालो, चांगलं आहे म्हणालो नाही.

घोडबंदरचा_बाबा

आभारी आहे. अटेंडंटचं पटलं, सकाळी निघतो. पण उलट दिशेला बसायला मिळतं हे कधीचं सांगताय? आणि घोडबंदरहून आधी ठाणे स्टेशन गाठायचं कसं, तेही सांगा.

ऐरोलीची_आई

त्यावर वेगळा धागा काढा. नांदेडच्या ट्रॅव्हल्सच्या शेजारीच.