विषय: पाडव्याचा सिनेमा – ‘लग्नाला यायचंच’ ठरवायचा का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,
पाडव्याला जेवणानंतर सिनेमा दाखवायचं ठरलं आहे. आलेल्या सूचनांमध्ये ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’, म्हणजेच ‘लग्नाला यायचंच’, सगळ्यात पुढे आहे. लग्नघराची गोष्ट आहे, लहानथोर सगळ्यांना चालेल असं वाटतं. कुणाला काही म्हणायचं असेल तर रविवारपर्यंत जरूर लिहा.

---

उत्तर: अंबाजोगाईहून

सर्वांना नमस्कार.
भाचीच्या लग्नासाठी मी महिनाभर माहेरी आले आहे. घरात पंचवीसेक माणसं आहेत. खाली कुठे टेकायला जागा नाही, म्हणून माळवदावर बसून लिहितेय.

सिनेमा जरूर दाखवा. सतीश राजवाडेंनी 2010च्या पहिल्या भागात एक दिवस, दोन माणसं आणि पुणं, एवढ्यावर सगळी गोष्ट पेलली होती. 2015च्या या दुसऱ्या भागात तीच दोघं, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, दोन्हीकडच्या घरच्यांत येऊन पडतात. होकार झालाय, तयारी सुरू झालीय आणि गौरीचं मन मात्र अजून मागेपुढे होतंय. प्रेमाचे बहुतेक सिनेमे होकारापाशी संपतात. हा तिथून सुरू होतो, म्हणून मला फार जवळचा वाटतो. मुलगी एकदा ‘हो’ म्हणाली की घर मांडववाल्याच्या, आचाऱ्याच्या आणि सोनाराच्या मागे लागतं. तिला पुन्हा कुणी काही विचारत नाही.

परवाचंच सांगते. भाची इथेच, माळवदावर, फोनवर बोलत होती. नवरदेव परळीचा, जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, पण लग्न ठरल्यापासून दोघांना निवांत बोलायला मिळालेलं नाही. खाली आई रुखवताच्या कुरडया डब्यात भरत होती. तिने हाक दिली, “काय करायलीस गं वर?” वरून उत्तर आलं, “कुरडया उलथायलेय, आज्जी.” कुरडया केव्हाच खाली आलेल्या, डबा तर आईच्याच मांडीवर! आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने माझी वहिनी जिन्याकडे निघाली, तशी आईने तिचा पदर धरला. म्हणाली, “राहू दे. अजून ओल्या हैत. वाळू दे जरा.”

मला लग्नाच्या सिनेमात हे हवं असतं. दोघांना बोलायला कोपरा नाही, आणि तो कोपरा करून देणारं माणूस त्याच गर्दीतलं आहे. ‘लग्नाला यायचंच’मध्ये घरची माणसं गोड आहेत, पण ती मुंबई-पुण्याची, बेताची. आमच्याकडे अजूनही चूलबंद आवतन देतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी मांडवात जेवायचं. एवढी माणसं आली की मान कुणाचा राहिला, फेटा कुणाला बांधला नाही, यावरून तास-दोन तास जातात. नवरा-नवरी कुणाच्या ध्यानातही नसतात. मराठवाड्यातल्या अशा घरात घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा कुणीतरी करायला पाहिजे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

तोवर एक सुचवते. सिनेमाच्या आधी अर्धा तास लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चं ध्वनिचित्रमुद्रण लावा. हे सर विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत, आणि एकटे रंगमंचावर 52 पात्रं उभी करत. गावाकडचं अख्खं वऱ्हाड, आमच्या बोलीसकट. लग्नासाठी थेट लंडनला निघालेल्या गावाकडच्या माणसांची ती गोष्ट, परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळची वाटेलच.

आणि लग्नाआधीची धाकधूक म्हणाल, तर ती आमच्या गावाच्या देवीपर्यंत जाते. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड पाषाणाचं झालं, असं सांगतात. लहानपणी गावातल्या हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती दाखवून आम्हाला हेच सांगायचे. त्यामुळे परळीची सोयरीक जुळल्यापासून आईचं एकच पालुपद सुरू आहे, “वेळेवर निघा म्हणावं त्यांना.”

— तुमची काकू

---

उत्तर: कुलदेवी

काकू,
योगेश्वरी आमची कुलदेवी. आम्ही मूळचे कोकणातले, घरात प्रत्येक कार्याला तिचं नाव घेतो. पण ती लग्नावाचून राहिली, ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. काल रात्री आईला फोन करून विचारलं. तिला माहीत होती.

सिनेमाला माझं मत आहेच. ‘वऱ्हाड’बद्दल मात्र शंका वाटते. इथे वाढलेल्या मुलांना ती बोली कळेल का? माझ्या मुलीला पुस्तकी मराठीसुद्धा जड जाते.

---

उत्तर: कळेल

अरे, कळेल. शब्द सुटले तरी माणूस कळतो. एकच माणूस क्षणात म्हातारी होतो नि दुसऱ्या क्षणाला पोरगा, हे पाहायला बोली यावी लागत नाही. माझा धाकटा तिकडेच जन्मला. सहाव्या वर्षी त्याने ते पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढे आठवडाभर घरात आजीसारखा वाकून चालत होता. मुलीला तुझ्याजवळ बसव, अडला शब्द कानात सांग. आणि देवीची गोष्ट तिला आताच सांगून टाक, तुझ्याइतका उशीर नको.

इकडे काल लग्न लागलं. मुहूर्त दुपारी 12 वाजून 37 मिनिटांचा होता. साडेअकराला परळीच्या गाड्या मांडवापाशी आल्या. नवरदेव उतरला, सगळे त्याच्याकडे धावले. आईने आधी माझा हात ओढून मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि मगच ओवाळणीचं ताट उचललं.

रविवारी निघतेय. कुरडयांचा एक डबा मंडळासाठी बाजूला ठेवला आहे, पाडव्याला तळू.

— काकू